सोडा म्हणायचं राहिलं

हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि मान वळवली, तेव्हा खोलीचं दार उघडं दिसलं. सताड नाही, हातभर. पण हातभर पुरतं. त्या फटीतून समोरच्या भिंतीलगतची खुर्ची दिसत होती आणि खुर्चीत नाना नव्हते. या वेळेला ते तिथे असतात. वर्तमानपत्र वाचून झालेलं असतं, ते मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसलेले असतात. आज वर्तमानपत्र खुर्चीत होतं, नीट घडी घातलेलं, आणि माणूस नव्हता. मी हसत होते की मघाशी. चांगली खदाखदा हसत होते. कानात हेडफोन असले की आपण किती मोठ्याने बोलतोय हे आपल्याला कळत नाही. नवरा म्हणायचा, तुझी मीटिंग चालू असली की खालच्या मजल्यावरच्यांनाही हजेरी लावायला हवी. मी काय काय बोलले ते आठवायला लागले, आणि आठवत गेलं तसे माझे कान तापत गेले.

म्हातारा अजून बसलेलाच आहे, असं मी म्हणाले होते. त्यानंतर म्हणाले होते, ज्याच्याबरोबर आला तो कधीच गेला, हा मात्र जागा अडवून बसलाय. मग, याचं काम संपलंय, मग हा जात का नाही, आणि याला धरून कोणी ठेवलंय तेच मला कळत नाहीये. एवढं सगळं, चढ्या आवाजात, दार उघडं ठेवून. त्यानंतर हसणं. आणि हसण्यानंतर एकच शब्द, ज्याच्यापाशी आठवण येऊन थांबली आणि पुढे सरकेना.

म्हातारा म्हणजे एक नकाशा आहे. हे मी आता इतकं शांतपणे सांगतेय, तसं तेव्हा नानांना जाऊन सांगायला हवं होतं. आमचं ॲप कपडे धुवायला नेणाऱ्या-आणणाऱ्यांचं आहे. गाडीवाला एका गिऱ्हाइकाचं नाव दाबतो, नकाशा उघडतो, त्या घरी पोचतो, नकाशा बंद करतो. पुन्हा दुसरं गिऱ्हाईक, पुन्हा नकाशा. बंद केलेला नकाशा फोनच्या मेमरीतून निघून जायला हवा, कारण त्याचं काम झालेलं असतं. आमचा जात नव्हता. पडद्यावर दिसत नव्हता, पण आत होता, आणि त्याच्यामागे उघडलेलाही होता, आणि त्याच्याही मागचा. दुपारपर्यंत गाडीवाल्याच्या फोनमध्ये असे बंद झालेले नकाशे एकावर एक साचायचे, फोन तापायचा, आणि भर रस्त्यात ॲप बंद पडायचं. गाडीवाले वैतागून फोन करायचे, म्हणायचे की बाई, कपडे आमच्याकडे आहेत आणि घर कुठलं ते कळत नाही. याला आमच्या धंद्यात मेमरी लीक म्हणतात. आमच्यातली टेस्टर, जी दिवसभर असल्या खोडी शोधत बसते आणि जिच्या जिभेला हाड नाही, तिने न जाणाऱ्या नकाशाला म्हातारा नाव ठेवलं, आणि ते चिकटलं. आज आला का म्हातारा, किती म्हातारे साठले, असं आमचं चाललेलं असतं. तरुण माणसं घरात बसून फोनमधल्या म्हाताऱ्यांवर विनोद करतात, त्यात कोणाचं काय जातं.

नाना म्हणजे नवऱ्याचे वडील. नवरा गेला. मेला नाही, माझ्या तोंडून गेला एवढंच येतं आणि लोक हळहळायला लागतात, मग मला सांगावं लागतं की तो दुसऱ्या शहरात आहे, दुसऱ्या बाईबरोबर, आणि तब्येत उत्तम आहे. तो सामान घेऊन निघाला त्या दिवशी नानाही आपली बॅग घेऊन दाराशी उभे होते. मुलाबरोबर जायला नव्हे. त्यांचा एक जुना मित्र आहे, हॉस्पिटलातला, डार्करूममध्ये एक्स-रेच्या फिल्म धुवायचा म्हणून ते त्याला अजून डार्करूमवालाच म्हणतात. त्याच्याकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. तिकडे जातो म्हणाले. आणि मी म्हणाले, नाना, तुम्ही थांबा. नवरा अजून लिफ्टपाशीच होता, त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले. आज खरं बोलायचं तर ते नानांना म्हटलंच नव्हतं. त्याला म्हटलं होतं. बघ, तू काय आहेस आणि मी काय आहे. नानांनी बॅग खाली ठेवली.

मग ते राहिले, आणि मी चांगली ठरले. शेजारणी जिन्यात थांबवून म्हणायच्या, धन्य आहे हो तुमची, पोटचा टाकून गेला आणि सून करते आहे. मी मान खाली घालून, अहो त्यात काय, असं म्हणायचे आणि ते कौतुक घरी आणून पुरवून पुरवून खायचे. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. टेस्टरला तर जास्तच माहीत होतं, कारण वैताग आला की मी तिच्यापाशीच ओकायचे. नाना नळ नीट बंद करत नाहीत. नाना माझ्या मीटिंगच्या वेळी रेडिओ लावतात. मी कुठे बाहेर जायचं म्हटलं की आधी नानांचं काय याचा विचार करावा लागतो. दिवसा शेजारणींकडून कौतुक घ्यायचं आणि संध्याकाळी टेस्टरकडून सहानुभूती, असा माझा दोन्ही हातांनी कारभार चालला होता.

आणि आज सकाळी मी म्हटलं, म्हातारा अजून बसलेलाच आहे, तेव्हा ती म्हणाली, "कुठला गं? फोनमधला की घरचा?" मी हसले. हसता हसता म्हणाले, "दोन्ही."

तिचा प्रश्न हेडफोनमध्ये होता. बाहेर फक्त माझं उत्तर गेलं. म्हणजे मी यातून वाचू शकत होते. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती इतक्या झटकन की मला माझीच शिसारी आली. नानांनी ऐकलं असेल तर म्हातारा ऐकलं असेल, जागा अडवून बसलाय ऐकलं असेल, आणि ते सगळं खरोखरच नकाशाविषयी होतं, पुराव्यानिशी दाखवता आलं असतं. दोन्हीचं काय, ॲपमधले दोन पडदे होते म्हणायचं. नानांना काय कळतंय. मी उठून उभी राहिले आणि मनात वाक्य जुळवायला लागले, हसरं, सहज, अहो नाना तुम्हाला वाटलं काय. आणि ते म्हणताना माझा चेहरा कसा दिसेल तेही बघून ठेवलं. एखाद्याची माफी मागायला निघताना आपण आधी आरशात बघून जावं, तसलं काहीतरी.

बाहेर गेले. नानांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून चेन ओढल्याचा आवाज आला, बॅगेची चेन. मध्येच अडकली, मागे गेली, पुन्हा पुढे. मी दारावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. वाटलं, आधी पक्कं करून घेऊ. काय पक्कं करून घ्यायचं होतं देव जाणे. मी परत येऊन संगणकापुढे बसले. आत एक माणूस माझ्यामुळे घर सोडायची तयारी करत होता आणि मी काम उघडून बसले, कारण कामात तोंड लपवायला जागा असते.

आमच्याकडे मेमरीचं एक चित्र काढता येतं. त्या क्षणी आत कोण कोण आहे आणि कोणाला कोणी धरलंय, ते सगळं त्यात दिसतं. ते चित्र पहिल्यांदा काढलं तेव्हा नाना मागे उभे होते आणि त्यांना भलताच आनंद झाला होता. म्हणजे तुमचा पण एक्स-रेच की, म्हणाले. ते हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, सगळी नोकरी तिथेच. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. या तीन शब्दांवर मी पोट भरलं, असं सांगायचे. आणि मग तो किस्सा यायचा, जो या घराच्या भिंतींनाही पाठ आहे. एकदा एका पेशंटला धरून ठेवा म्हटलं, फोटो घेतला, तेवढ्यात टेलिफोन वाजला. बोलून परत आले तर तो बिचारा छाती फुगवून तसाच उभा, तोंड लालबुंद. "म्हटलं अहो, सोडायचा ना. तर म्हणतो, तुम्ही म्हणाला नाहीत." नाना इथे दरवेळी तितकंच हसायचे. मी त्या दिवशी त्यांना सांगितलं की नाना, आमची लीक म्हणजे अगदी हेच. नकाशा उघडतो तेव्हा तो फोनला सांगतो, गाडी कुठे आहे ते मला कळवत राहा. फोन त्याला धरून ठेवतो. बंद होताना, आता नको, सोड मला, असं सांगायला हवं. ते कोणी सांगितलं नाही तर फोन धरूनच बसतो. नानांनी विचार केला आणि म्हणाले, "मग गळती का म्हणता? यात जात तर काहीच नाही. हे तुंबणं झालं." मला ते आवडलं होतं. मी ऑफिसात ते माझं म्हणून खपवलं.

आता मी ते चित्र पुन्हा काढलं. म्हातारा तिथे होता. त्याच्यावर बोट ठेवलं की कोणी धरलंय त्याची साखळी उलगडते, एकेक कडी मागे मागे जाते. आम्ही मीटिंगमध्ये असं धरून चाललो होतो की हा घोळ नकाशा पुरवणाऱ्या बाहेरच्या लोकांचा. असं धरून चाललो होतो म्हणजे मी तसं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांना एक खरमरीत मेलही पाठवली होती. कडी मागे गेली, आणखी मागे गेली, आणि बाहेरच्या कुणाच्या अंगणात न जाता आमच्याच घरात शिरली. मला कळवत राहा, ही ओळ. तिच्या जोडीची, सोड मला, ही ओळ नव्हतीच. ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. मी नाव बघायच्या आधीच मला कळलं होतं, कारण लिहिण्याची ढब आपली आपल्याला ओळखू येते. अक्षर ओळखावं तशी. मीच लिहिलं होतं. मीच फोनला म्हटलं होतं, थांब, आणि तिथून उठून गेले होते. बाहेरच्या लोकांनी त्या मेलला किती नम्रपणे उत्तर दिलं होतं, आम्ही बघतो म्हणून. अंगावरून कोणीतरी ओलं फडकं फिरवल्यासारखं झालं.

"आहेस का गं मोकळी?"

नाना दारात होते. अंगात बाहेर जायचा शर्ट, पायात बूट, हातात बॅग. तीच बॅग. केस पाणी लावून विंचरलेले. मला वाटलं होतं ते रडवेले असतील, निदान गप्प तरी. ते चांगले ताजेतवाने दिसत होते, आणि त्यामुळे मी जुळवलेलं हसरं वाक्य मला सापडेना.

"नाना, कुठे निघालात?"

"डार्करूमवाल्याकडे. फोन केला मघाशी, तुझी मीटिंग चालू होती तेव्हा. म्हणाला, खोली झाडून ठेवतो."

"नाना, तुम्ही ऐकलंत का काही? मी बोलत होते ते?"

"ऐकायला कशाला लागतंय, येतंच ऐकू," नाना म्हणाले.

मी बोलायला लागले. ॲप, नकाशा, टेस्टरने ठेवलेलं नाव, सगळं भराभर. मी त्यांना खुर्चीत बसवलं, मेमरीचं चित्र दाखवलं, हा बघा, हा म्हातारा, याला म्हणत होतो आम्ही. ते वाकून बघत होते, चष्मा वर-खाली करत, जुन्या कामावर परत आल्यासारखे. "असं होय," म्हणाले. "हा म्हातारा. बरं बरं." आणि मला वाटलं, सुटले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही.

मग पडद्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "आणि दोन्ही?"

ओठांवर आलं होतं, दोन पडदे होते नाना. अगदी ओठांवर. पण त्या चित्राशेजारी माझं नाव अजून तसंच दिसत होतं, आणि एका सकाळी माणसाने किती वेळा दुसऱ्याचं नाव पुढे करायचं. मी म्हणाले, "टेस्टर विचारत होती, कुठला म्हातारा, फोनमधला की घरचा. मी दोन्ही म्हटलं."

आता ते काहीतरी बोलतील. बोलावं असं मला फार वाटत होतं. एवढं केलंस आणि हेच होतं का मनात, असं म्हणावं, दोन अश्रू गाळावेत, म्हणजे मला पाय धरता येतील. नानांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. "वाटलंच मला," म्हणाले, आणि हसले. किस्सा सांगताना हसायचे तसेच.

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा? उलट बरं वाटलं. रागावशील म्हणून बोलत नव्हतो."

मला काहीच कळेना. ते सावकाश बोलत होते, मला लागू नये अशा बेताने, जणू चूक त्यांची होती. "तू त्या दिवशी थांबा म्हणालीस. तुझं तोंड बघवत नव्हतं गं. म्हटलं, पोरगी एकटी पडेल, घरात कोणी तरी दिसायला हवं. चार दिवस थांबू, मग जाऊ. मग तू काही म्हणेचनास. मी डार्करूमवाल्याचं नाव काढलं की तुला वाटायचं आपलं काही चुकलं. मागे काढलं तर तू नवी उशी आणलीस. त्याच्या मागे काढलं तर बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलास. आता एवढं करणाऱ्या माणसाला जातो कसं म्हणायचं? तो तिकडे रोज विचारतो, येतोस कधी. मी म्हणतो, तिने अजून सोडलं नाही मला."

"मग आज?"

"आज ऐकलं, तू हसत होतीस. खूप दिवसांनी हसलीस अशी. आणि मी जड व्हायला लागलोय. म्हटलं, चला. जड व्हायला लागलो म्हणजे पोरगी सावरली."

मी खिडकीकडे बघत राहिले. बाथरूममधला तो दांडा मी शेजारणीला दाखवला होता. नळ, रेडिओ, बाहेर जायचं म्हटलं की नानांचं काय. आणि या सगळ्या काळात तो माणूस माझ्यासाठी इथे ताटकळत बसला होता. मी त्याला सांभाळत नव्हते. तो मला सांभाळत होता, आणि तेही मला कळू न देता, मी मोठी दिसावी म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच असावं, फक्त त्यात एक गैरसोय अशी की माणूस मरत नाही, समोर बसलेल्याला चहा हवा का विचारतो. मी विचारलंही. नको म्हणाले, डार्करूमवाला चहावर वाट बघतोय.

आणि खरी गोष्ट वेगळीच होती. मी सावरले नव्हते. ते हसू टेस्टरच्या फाजीलपणाचं होतं, ते काही सावरल्याचं हसू नव्हतं. संध्याकाळी काम संपवून दार उघडलं की त्या खुर्चीत कोणीतरी वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसलेलं असतं, झालं का गं असं विचारतं, म्हणून माझा दिवस संपतो. हे मला आत्ता, या क्षणी कळत होतं. जीभ रेटून वर आलं, नाना, जाऊ नका, ते मी मनापासून म्हटलं नव्हतं, मला तुमची गरज आहे. श्वास घेतला तेवढ्यासाठी. आणि मग कळलं की हे मी म्हटलं तर ते बॅग खाली ठेवतील. ते लगेच ठेवतील, हसत ठेवतील, आणि पुन्हा खुर्चीत बसतील, आणि तिकडे एक म्हातारा झाडलेल्या खोलीत एकटाच चहा पिईल. माझी माफीसुद्धा त्यांना धरून ठेवायच्या कामाला येणार होती.

फोन वाजला. टेस्टर. हेडफोन लावायचा धीर झाला नाही, तसाच स्पीकरवर घेतला. तिचा आवाज खोलीभर गेला. "काय गं, सापडला का? कोणी धरलाय म्हाताऱ्याला?"

नाना माझ्याकडे बघत होते.

"मीच," मी म्हणाले.

"तू? आणि त्या बिचाऱ्यांना मेल पाठवलीस ती?"

"ती चूक झाली. सांगते त्यांना. धर म्हटलं मी, आणि सोड म्हणायचं राहिलं."

"मग म्हणून टाक ना आता," ती म्हणाली. "एका ओळीचं तर काम."

फोन ठेवला. नानांनी बॅग उचलली होती. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आम्ही लिफ्टपर्यंत गेलो. मी एकदा त्या दाराशी याच बॅगेसमोर उभी होते, त्याच लिफ्टकडे तोंड करून ओरडले होते. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता. नानांनी उशी तिथेच ठेवली आहे म्हणून सांगितलं, चांगली आहे, तुला मानेला बरी पडेल. रेडिओ नेतोय म्हणाले. मग थोडे थांबले, आणि मला कळलं की ते अजून वाट बघताहेत. लिफ्टची नाही. बॅग भरली होती, बूट चढवले होते, मित्राला कळवलं होतं, तरी हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, आणि मी म्हणाले नसते तर बहुतेक परतही फिरला असता.

"सोडा, नाना," मी म्हणाले.

त्यांनी खरोखरच श्वास सोडला. छाती खाली गेली, खांदे उतरले. किस्स्यातला तो पेशंट सुटला तेव्हा कसा दिसला असेल ते मला आज पहिल्यांदा दिसलं. मग ते हसले, माझ्या गालावर दोन बोटं टेकवली, आणि आत गेले. लिफ्टचं दार लागलं. आकडे खाली खाली गेले आणि तळाशी जाऊन थांबले.

मी तिथेच उभी होते. माफी मागायला घेतलेला श्वास अजून छातीत तसाच होता, आणि मला सोडा म्हणायला आता वर कोणी नव्हतं.